आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांचा रेडिओ बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

शेती आणि तंत्रज्ञान यांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. त्याचं सार असं: आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्याच्या हातात आता स्मार्टफोन आला आहे. रेडिओ एकतर्फी आणि जुनाट. त्याचा शेतीला उपयोग होतो याला पुरावा नाही. एआय आल्यावर तर त्याची गरजच संपली. तेव्हा सरकारांनी आणि देणगीदार संस्थांनी रेडिओवरचा खर्च थांबवावा आणि सगळा पैसा ॲपकडे वळवावा. जोडीला केनियातल्या एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचा, दाखला असतो: बँकेच्या शाखांचा टप्पा ओलांडून लोक थेट मोबाइलवर गेले, मग शेतीच्या सल्ल्यातही तशीच उडी का मारू नये?

हे म्हणणाऱ्यांना शेतकऱ्याचं भलं हवं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला कोणी ऐकलाच, तर ज्या घरांपर्यंत आज काहीतरी पोचतं आहे तीच घरं आधी तुटतील. त्या घरांतली माणसं असल्या चर्चांमध्ये कधी नसतात. म्हणून या दाव्यातला एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं.

"स्मार्टफोन आता सगळ्यांकडे आहे."

नाही. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए दरवर्षी याचा हिशेब मांडते. त्यानुसार २०२३ च्या अखेरीला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मोबाइलवर इंटरनेट वापरणारे लोक लोकसंख्येच्या सुमारे २७ टक्के होते. जवळपास ६० टक्के लोक असे, की ते राहतात तिथे नेटवर्क पोचलेलं आहे, पण ते इंटरनेट वापरत नाहीत. हँडसेट परवडत नाही, डेटा परवडत नाही, वाचता येत नाही, आपल्या भाषेत तिथे काही सापडत नाही, अशी त्याची कारणं. हे आकडे लागोस, नैरोबी, आक्रासारख्या शहरांना धरून आहेत. खेड्यात ते आणखी खाली येतात, आणि बायकांच्या बाबतीत त्याहूनही. या भागात मोबाइल इंटरनेट वापरण्यात बायका पुरुषांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी मागे आहेत.

त्यात विजेचा प्रश्न. या प्रदेशात सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही. साधा बटणांचा फोन एकदा चार्ज केला की काही दिवस निघतात. स्मार्टफोन रोज चार्ज करावा लागतो, आणि घरात वीज नसेल तर त्यासाठी बाजारच्या गावी जाऊन दुकानदाराला पैसे मोजावे लागतात. अशा घरात स्मार्टफोन असला तरी तो महिन्यातले कितीतरी दिवस बंद असतो. त्यातलं ॲप 'डाउनलोड' म्हणून मोजलं जातं, वापरलं जातंच असं नाही.

शिवाय तिथे विकल्या जाणाऱ्या कितीतरी साध्या फोनांत टॉर्च असतो, दोन सिमकार्डांची सोय असते आणि एफएम रेडिओ असतो. म्हणजे असंख्य लोकांचा रेडिओ हा त्यांच्या फोनमध्येच आहे. रेडिओ की मोबाइल हा वाद आपण बाहेर बसून घालतो. त्यांच्यासाठी ती एकच वस्तू आहे.

रेडिओचा श्रोता घटतो आहे, हे मात्र खरं आहे. शहरांतली तरुण मुलं बातम्यांसाठी फेसबुक-व्हॉट्सॲपकडे गेली आहेत. तरी आफ्रिकेत लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या आफ्रोबॅरोमीटरने ३४ देशांत केलेल्या आणि २०२१ मध्ये संपलेल्या पाहणीत आठवड्यातून अनेकदा रेडिओवर बातम्या ऐकणारे ६८ टक्के निघाले. समाजमाध्यमांचा आकडा ४० टक्क्यांच्या थोडा वर होता. पहिल्या क्रमांकाचं माध्यम अजून रेडिओच आहे.

"एम-पेसाने हे दाखवून दिलं."

एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं. तेव्हा केनियाच्या खेड्यात स्मार्टफोन नव्हता. सिमकार्डातल्या मेन्यूवर आणि एसएमएसवर ते चाललं, इंटरनेटशिवाय, लोकांकडे आधीपासून असलेल्या साध्या फोनवर. शिवाय त्यामागे गावोगावचे एजंट उभे होते. दुकानात बसणारा ओळखीचा माणूस रोख घेत होता, रोख देत होता. असलेलं उपकरण वापरा आणि त्याच्या मागे माणूस उभा करा, हेच एम-पेसाचं सूत्र होतं. संवादी रेडिओ, म्हणजे ज्यात ऐकणाऱ्यालाही उलट बोलता येतं असा रेडिओ, नेमकं हेच करतो. तेव्हा हा दाखला रेडिओच्या बाजूने मोजायला हवा.

"रेडिओ एकतर्फी असतो."

हा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, कारण तो एकेकाळी खरा होता. १९७५ मध्ये झांबियात प्रसारकांची एक कार्यशाळा झाली. कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेत वर्षानुवर्षं शेतीचे कार्यक्रम करणारे जॉर्ज ॲटकिन्स तिथे गेले होते. सिएरा लिओनच्या एका प्रसारकाला त्यांनी विचारलं, तुमच्या कार्यक्रमात अलीकडे काय घेतलंत? उत्तर मिळालं, ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगची निगा. त्या प्रसारकाच्या श्रोत्यांत ट्रॅक्टर असणारे जवळजवळ कोणी नव्हते. हाताशी असलेलं साहित्य परदेशातल्या मोठ्या शेतीचं होतं, तेच पुढे सरकवलं जात होतं. ॲटकिन्स परतले आणि १९७९ मध्ये त्यांनी छोट्या शेतकऱ्याच्या कामाच्या रेडिओ कार्यक्रमांच्या संहिता तयार करून टपालाने पाठवायला सुरुवात केली. पहिला संच २६ देशांतल्या ३४ प्रसारकांना गेला. आजची फार्म रेडिओ इंटरनॅशनल ही संस्था त्यातून उभी राहिली.

पण चांगली संहिता पाठवली तरी एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे चित्र तसंच राहतं. ते बदललं मोबाइल आल्यावर. २००७ ते २०१० या काळात या संस्थेने घाना, माली, मलावी, टांझानिया आणि युगांडा या पाच देशांतल्या २५ रेडिओ केंद्रांबरोबर एक मोठा प्रयोग केला. कार्यक्रम ठरवण्याआधीच गावात जायचं. कोणता बदल करून पाहावासा वाटतो हे शेतकऱ्यांना विचारायचं. मग त्या एकाच बदलावर काही महिने सलग कार्यक्रम करायचे. बोलणारे मुख्यतः शेतकरीच, त्यांच्या बांधावर जाऊन रेकॉर्ड केलेले. तज्ज्ञ येतो तो त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला.

यात फोन कुठे येतो ते सांगतो, कारण 'एकतर्फी' म्हणणाऱ्यांना ही बाजू दिसलेली नसते. समजा कार्यक्रम साठवणीतल्या मक्याच्या भुंग्यांवर आहे. निवेदक विचारतो: तुम्ही दाण्यात राख मिसळता, पावडर वापरता, की काहीच करत नाही? प्रत्येक उत्तराला वेगळा नंबर. ऐकणारा त्या नंबरवर मिस्ड कॉल देतो. पूर्व आफ्रिकेत याला 'बीप' करणं म्हणतात, पश्चिमेत 'फ्लॅश'. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही, आपण सगळ्यांनी 'पोचलो की मिस्ड कॉल दे' असं म्हटलेलं आहे. जोनाथन डॉनर या संशोधकाने तर रवांडातल्या मिस्ड कॉलच्या सामाजिक नियमांवर २००७ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. कोणी कोणाला द्यायचा, खर्च कोणी उचलायचा, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. जो सुस्थितीत आहे त्याने उलट फोन करायचा. संवादी रेडिओने ही लोकांचीच रीत उचलली. श्रोता मिस्ड कॉल देतो, केंद्राची यंत्रणा त्याला उलट फोन करते, त्याच्या भाषेत दोन प्रश्न विचारते, त्याचा निरोप त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून घेते. बोलण्याचा खर्च केंद्र उचलतं. फार्म रेडिओची 'उलिझा' ही यंत्रणा अशीच काम करते. हवामानाचा अंदाजही मिस्ड कॉल देऊन उलट फोनवर ऐकता येतो.

पुढच्या आठवड्यात निवेदकासमोर कौल असतो आणि प्रश्नांचा ढीग असतो. बहुतेकांनी 'काहीच करत नाही' म्हटलं असेल, तर कार्यक्रम तिथूनच सुरू होतो. एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हजारो जण ऐकतात, आणि ज्यांना विचारायचा धीर झाला नव्हता त्यांचंही काम होतं. ॲपवर विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्याजवळच राहतात. शेतीत शेजाऱ्याने काय केलं हे कळणं फार मोलाचं असतं, विशेषतः कीड, साठवण आणि पेरणीची वेळ या बाबतींत. म्हणून मला हा फरक मोठा वाटतो.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी थेट संबंध आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशेच्या आसपास गावांत रेडिओ श्रोता मंडळं सुरू केली. कल्पना मूळची कॅनडातली. आठवड्यातून दोनदा गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायची, लगेच त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न व मतं केंद्राला लिहून कळवायची. कार्यक्रमांत त्यांची उत्तरं दिली जायची. टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर गावकऱ्यांना किती माहिती आहे ते तपासलं. मंडळं असलेल्या गावांत माहितीत मोठी वाढ झाली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं अशा गावांत ती नगण्य होती. नुसता रेडिओ आणि ज्याला उलट बोलता येतं असा रेडिओ, यांतलं अंतर सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच मातीत मोजलं गेलं होतं. १९६४-६५ मध्ये युनेस्कोने हाच नमुना घानात नेऊन पाहिला. तेव्हा पत्र जायला दिवस लागायचे. आज तेच काम मिस्ड कॉल करतो.

"उपयोग होतो याला पुरावा नाही."

पुरावा आहे. मात्र तो जितका आहे तितकाच सांगितला पाहिजे. पाच देशांतल्या त्या प्रयोगात, जिथल्या शेतकऱ्यांना कार्यक्रम रचण्यात सामील करून घेतलं होतं त्या गावांत दहातल्या सुमारे चौघांनी सुचवलेला बदल शेतात करून पाहिला. नुसतं ऐकणाऱ्या गावांत हे प्रमाण साधारण दहात दोन होतं, आणि केंद्राचं प्रक्षेपण न पोचणाऱ्या गावांत अगदी नाममात्र. हा अभ्यास प्रयोग करणाऱ्या संस्थेनेच केलेला आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. बदल करून पाहिला म्हणजे उत्पन्न वाढलंच, असंही त्यातून निघत नाही. पण नुसतं ऐकणं आणि सामील होणं यांतला फरक पुन्हा तोच दिसतो, जो पुण्याच्या प्रयोगात दिसला होता.

फोनवरच्या सल्ल्याबद्दल तुलनेने काटेकोर अभ्यास झाले आहेत. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आफ्रिका आणि भारतातल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. डिजिटल सल्ल्याने उत्पादन सरासरी ४ टक्क्यांनी वाढलं, आणि शिफारस केलेली खतांसारखी निविष्ठा वापरण्याची शक्यता २२ टक्क्यांनी वाढली. ही वाढ लहान आहे, पण एका शेतकऱ्यामागे खर्च इतका कमी असतो की ती परवडते. स्मार्टफोनचा आग्रह धरणारे हाच अभ्यास पुढे करतात तेव्हा एक गोष्ट राहून जाते: ही वाढ बहुतांश एसएमएस आणि आवाजी फोनमधून, म्हणजे साध्या फोनवर मिळालेली आहे.

सगळ्यांत बोलका अनुभव लष्करी अळीचा. मक्यावरची ही अमेरिकन अळी २०१६ च्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत पहिल्यांदा नोंदवली गेली. दोन वर्षांत ती खंडातल्या चाळीसहून अधिक देशांत पसरली. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात सापडली आणि त्यानंतर आपल्या मक्यात शिरली. मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या मका उत्पादकाला तिची ओळख करून द्यायला नको. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, अळी पानं खरवडत पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरते, आणि एकदा खोल गेली की फवारणीचा उपयोग होत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात जेमतेम आठवडा असतो. पानावरचे अंडीपुंज ओळखून चिरडा, पोंग्यात माती किंवा राख टाका, फवारायचंच तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, हे त्या आठवड्यात, त्याच्या भाषेत कळलं तर पीक वाचतं. जिथे एका कृषी सहायकामागे हजाराहून जास्त शेतकरी आहेत, तिथे तो घरोघर जाऊन हे सांगणं अशक्य आहे.

युगांडात या अळीवर रेडिओ, एसएमएस आणि गावात दाखवलेले व्हिडिओ अशी तिहेरी मोहीम झाली. तिचा अभ्यासही छापून आला आहे. रेडिओ सगळ्यांत जास्त लोकांपर्यंत पोचला. समजण्यात आणि करून पाहण्यात व्हिडिओचा परिणाम अधिक खोल होता, आणि एकाहून अधिक माध्यमांतून ज्यांना माहिती मिळाली त्यांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. अळी डोळ्यांनी पाहिल्यावर जे कळतं ते नुसत्या वर्णनाने कळत नाही, ही रेडिओची मर्यादा मला मान्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून रेडिओ काढून टाका, असा निष्कर्ष या अभ्यासातून कोणी काढू शकत नाही.

"एआय सगळ्या प्रश्नांची उत्तरं देईल."

एआयला माझा विरोध नाही. डिजिटल ग्रीन या संस्थेचं, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना एआयने उत्तरं देणारं फार्मर.चॅट भारतात, केनियात, इथिओपियात वापरलं जातं आणि ते सुधारत जाईल. प्रश्न आहे तो भाषेचा. आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात. मोठ्या एआय प्रणालींना त्यांतल्या मोजक्याच धड येतात, कारण बाकीच्यांत लिहिलेलं फारच थोडं आहे. रेडिओ मात्र त्या भाषांत रोज बोलतो. घानातलं रेडिओ आडा १९९८ पासून दांगमे भाषेत चालतं. उत्तरेत सिमली रेडिओवर दागबानी ऐकू येते. तिथला निवेदक पिकाचं, किडीचं, मातीचं गावातलं नाव वापरतो.

म्हणून एआयवर काम करणारेच रेडिओकडे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या कम्पालामधल्या प्रयोगशाळेने दक्षिण आफ्रिकेच्या स्टेलनबॉश विद्यापीठाबरोबर एक प्रणाली बनवली. युगांडातल्या केंद्रांवरची लुगांडा आणि अचोली भाषांतली चर्चा ती ऐकत असे आणि त्यातले महत्त्वाचे विषय वेचत असे. युगांडातल्याच मकेरेरे विद्यापीठातल्या संशोधकांनी लुगांडा कार्यक्रमांतून पिकांच्या रोगांचे उल्लेख ओळखण्याचं काम केलं, म्हणजे साथ कुठे पसरते आहे ते लवकर कळावं. शेतकरी आधीच जिथे बोलत होता, तिथे कान लावणं त्यांना शहाणपणाचं वाटलं. ही दिशा मला आशादायक वाटते.

इंटरनेट नसलेल्या फोनवरही किती मोठं काम होतं ते इथिओपियात दिसतं. तिथल्या सरकारी कृषी परिवर्तन संस्थेने २०१४ मध्ये ८०२८ हा नंबर सुरू केला. फोन लावायचा, भाषा निवडायची, पीक निवडायचं, सल्ला ऐकायचा. अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या अशा भाषांत. लाखो शेतकऱ्यांनी तो वापरला.

आता या दाव्यात नसलेली, पण रेडिओच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही टाळू नये अशी अडचण. बऱ्याच घरांत रेडिओ संच पुरुषाच्या ताब्यात असतो आणि फोनही. संध्याकाळी कार्यक्रम लागतो तेव्हा बाई चुलीपाशी किंवा पाण्यावर असते. शेतातलं किती काम तिच्याकडे असतं हे पाहिलं, तर हे नुकसान साधं नाही. बायकांचे श्रोता गट, गटाच्या ताब्यात दिलेले सौर किंवा चावीचे रेडिओ, वेळ त्यांना विचारून ठरवणं, एकच भाग आठवड्यात दोन वेगळ्या वेळी लावणं, हे उपाय आहेत आणि ते चालतात. पण ते आपोआप होत नाहीत. मिस्ड कॉल फुकट असल्यामुळे जिच्या फोनात फारसे पैसे नाहीत तीही कौल देऊ शकते, एवढी एक सोय तरी या पद्धतीत मुळातच आहे.

दुसरी अडचण पैशाची, आणि इथे दावा करणाऱ्यांशी माझा खरा वाद आहे. संवादी रेडिओ कुठे थांबला असेल तर तो बहुतेक वेळा प्रकल्पाची मुदत संपल्यामुळे. उलट फोन करण्याचा खर्च कोणीतरी भरत होतं, ते थांबलं. शेतात जाऊन रेकॉर्डिंग आणणाऱ्या निवेदकाचा प्रवासखर्च थांबला. केंद्राने ती वेळ जाहिरातदाराला किंवा प्रचारकाला विकली, कारण त्यालाही वीजबिल भरायचं असतं. मग दोन वर्षांनी कोणीतरी येतं आणि म्हणतं, रेडिओवर आता शेतीचं काही लागत नाही, ॲप काढूया.

पैसा कुठे घालावा असं विचारणाऱ्या देणगीदाराला आणि सरकारला माझं सांगणं असं: स्थानिक भाषेतल्या केंद्रावर शेतीच्या निवेदकाला कायम पगार द्या. त्याच्या मोटारसायकलच्या पेट्रोलची तरतूद करा. मोबाइल कंपन्यांशी बोलून शेतकऱ्यांसाठी टोल-फ्री नंबर मिळवा आणि त्याचा खर्च प्रकल्पाऐवजी कृषी खात्याच्या वार्षिक अंदाजपत्रकात टाका. आलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारा एक कृषितज्ज्ञ त्या केंद्राशी बांधून ठेवा. एवढं करून पैसे उरले तर ॲप जरूर काढा, आणि त्यातली उत्तरं त्याच निवेदकाला संध्याकाळच्या कार्यक्रमात वाचायला द्या.